घड्याळाची मोड

ज्या वर्षी टोमॅटोनं आम्हाला माणसांत आणलं, त्याच वर्षी मी माणसांतून उठलो. दोन्ही एकाच पावसाळ्यात कसं जमलं, ते सांगतो.

आमचं गाव मंचरपासून मोटारसायकलवर पंधरा मिनिटं. टोमॅटोला ठिबक करायचं होतं आणि हातात काही नव्हतं, तेव्हा बायकोनं आपल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. पाटल्या मूळच्या तिच्या आईच्या. लग्नात आईनं स्वतःच्या हातातल्या उतरवून लेकीच्या हातात घातलेल्या. सराफानं त्या काट्यावर टाकल्या, थोडी घट धरली आणि त्या दिवसाच्या भावानं मोड दिली. पंधरा मिनिटांचं काम. मी त्याच्या दुकानातच शब्द दिला, "पहिलं बरं पीक आलं की आधी तुझ्या पाटल्या."

बायको म्हणाली, "ते बघू. पण आईला कळाय नको. तिनं इचारलं तर लॉकरात हायेत म्हणायचं."

माझ्या सासूबाई खोडदला, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या गावात, मेव्हण्याकडं असतात. आम्ही भेटायला गेलो की पाच मिनिटांत त्यांची नजर लेकीच्या हाताकडं जायची. "लॉकरात हायेत गं," ही सांगायची आणि मी त्या वेळी अंगणातल्या कोंबड्या मोजायला जायचो.

मग ते वर्ष आलं. टोमॅटोला असा भाव कधी मिळाला नव्हता आणि आता मिळेल असंही वाटत नाही. नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवला की व्यापारी आपण होऊन "या पावणं, चहा घ्या" म्हणायचे. एरवी हेच लोक आमच्या टोमॅटोकडं पाहुण्याच्या कुत्र्याकडं बघावं तसं बघतात. त्या दिवसांत कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बंगल्यावर मजला चढवला. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला.

व्हिडिओतला माणूस गोरापान होता, त्याच्यामागं समुद्र होता आणि तो सांगत होता की परदेशी भारी घड्याळ ही वस्तू नसून गुंतवणूक आहे. त्यानं एक घड्याळ घेतलं, तीन वर्षं सांभाळलं, दुपटीनं विकलं. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा बायकोला दाखवला.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? पाटल्या काय कधीही होतील. आत्ता घड्याळ घेऊ. तीन वर्षांनी विकू. तुझ्या पाटल्या होतील आणि वर एक नथ."

"कांद्याचं बी असंच म्हणला व्हता."

हा टोमणा मला लागायला हवा होता, पण भाव चढलेला माणूस आणि चढलेला बैल, दोघांना चाबूक लागत नाही. कांद्याचं असं, की आमच्याकडं काढलेला कांदा बराखीत भरून ठेवतात. हवा खेळेल अशी लांबट कुडाची किंवा जाळीची खोली, तिला बराख म्हणायचं. आत कांदा, बाहेर आपण, आणि भाव वाढायची वाट. त्यामुळं आमच्या तालुक्यातल्या माणसाच्या रक्तातच आहे की जी वस्तू ठेवली ती वाढणार. आदल्या वर्षी मी दिवाळीपर्यंत कांदा ठेवला, निम्मा सडला आणि उरलेल्याला कोंब फुटले. पण घड्याळ थोडंच सडतं, असा माझा बिनतोड मुद्दा होता.

पुण्यातल्या त्या शोरूममध्ये इतकं गार होतं की बायकोनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. कॉफी आली, ती खेळभांडीतल्यासारख्या कपात. एका मुलीनं पांढरे हातमोजे घालून घड्याळ बाहेर काढलं. ताटलीएवढं मोठं, निळं, आत तीन छोटी घड्याळं, त्यातलं एक कशासाठी आहे ते तिलाही नीट सांगता आलं नाही. "लिमिटेड एडिशन आहे सर," ती म्हणाली. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणत होतं, त्यामुळं पुढचं मी नीट ऐकलं नाही.

भाव मात्र केला. बाजारात वाढलेला माणूस मी, लेबलावरची किंमत देईन होय? ती मुलगी पंधरा टक्के सूट म्हणाली, मी उठून दाराकडं निघालो. वीस झाली. मी दाराच्या मुठीला हात लावला. पंचवीस! बायकोकडं मी असं बघितलं, जणू कुस्ती मारून आलोय.

तिनं एकच प्रश्न विचारला, "ताई, हे बंद पडलं तर मंचरात दुरुस्त व्हतंय का?"

त्या मुलीनं फार गोड हसून कॉफी आणखी हवी का विचारलं.

आता मी पुढं जे केलं ते माझ्या मते कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं. आमच्याकडं घरात नवी वस्तू आली की तिच्यावर नाव पडतं. लग्नकार्यात अख्ख्या गावाची भांडी एकत्र होतात, पातेली एका घरची आणि झाकणं दुसऱ्या घरची. नाव नसलं तर वस्तू गेली. माझ्या एका चुलत्यानं तर पाण्याच्या मोटारीवरही नाव टाकून घेतलंय. तेव्हा लाखाची वस्तू बिननावाची ठेवायची? मी दुसऱ्याच दिवशी मंचरच्या भांड्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं घड्याळ उलटं केलं, नाव कोरायचं मशीन हातात घेतलं आणि सवयीनं विचारलं, "कुणाकडून कुणाला?"

"माझ्याकडून मलाच."

"मंग सप्रेम भेट टाकू का नको?"

"नको. नुसतं नाव टाक. आणि गाव. आणि तालुका."

"जिल्हा?"

अक्षराप्रमाणं पैसे होते, म्हणून जिल्हा सोडला. मशीन टर्रर्र करत चालू लागलं. परदेशी पोलाद आपल्या डब्यांपेक्षा कडक निघालं, त्यामुळं 'आंबेगाव'मधल्या 'गाव'पाशी सुई घसरली आणि कडेपर्यंत एक लांब रेघ गेली. दुकानदार म्हणाला, "अधोरेखित झालं, राव." मलाही ते बरं वाटलं.

पुढं दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. घरातलं सगळ्यात महागडं यंत्र तर माझ्या मनगटावर होतं. मी ते पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. हळद त्या पट्ट्याच्या कातड्यात आणि काचेच्या कडेच्या खोबणीत जी बसली ती बसलीच. दात घासायच्या ब्रशनं घासली, तर कड पिवळी राहिली आणि पोलादावर बारीक ओरखड्यांची जाळी उठली.

मग मला गुंतवणुकीची आठवण झाली आणि मी घड्याळ कपाटात ठेवलं. त्याचं असं होतं की हातात असलं तरच चालायचं, ठेवलं की दीड दिवसानं बंद. बंद ठेवल्यानं तेल गोठतं असं कुणीसं सांगितलं. म्हणून मी रोज सकाळी धार काढून आलो की कपाट उघडून घड्याळ खुळखुळ्यासारखं हलवायचो. बायको चुलीपाशी म्हणायची, "म्हशीला पेंड झाली, आता त्याला घाला." ज्या लाकडी पेटीतून घड्याळ आलं ती पेटी मोठी छान होती, आत मखमल. पेटीत घड्याळ दिसत नाही म्हणून मी ते वाटीत ठेवायचो आणि पेटी रिकामी होती, तर तिच्यात बायकोनं हिंग आणि जायफळ ठेवलं. बरोबरचं कार्ड वॉरंटीचं होतं. वॉरंटी दोन वर्षांत संपली, मग मी ते कार्ड टाकून दिलं. संपलेल्या औषधाची बाटली कुणी ठेवतं का?

तिसरं वर्ष सरत आलं आणि खोडदहून फोन आला. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. फोनवर सासूबाई होत्या. त्या मोबाईलवर दुर्बिणीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशा बोलतात, त्यामुळं मला स्वयंपाकघराबाहेर सगळं ऐकू आलं.

"पाटल्या घालून ये. नातीच्या लग्नात तुझ्या हातात बघायच्यात मला. लॉकरात ठिवायला दिल्या न्हवत्या."

"व्हय आई," ही म्हणाली आणि फोन ठेवून परातीतलं पीठ पुन्हा मळायला लागली.

मी आत गेलो. म्हणालो, "झालीच की तीन वर्षं. उद्याच पुण्याला जाऊ."

तिनं मान वर केली. चिडली असती तर बरं झालं असतं. "मला नथ नगं," ती म्हणाली. "तेवढ्या पाटल्या आल्या तर बघा. आईला पुन्हा खोटं सांगवायचं न्हाई माझ्याच्यानं."

ज्या शोरूमनं नवं घड्याळ विकलं त्याच शोरूमनं जुनं घ्यायला नकार दिला आणि एका गल्लीतला पत्ता दिला. तिथं एक साठीचे गृहस्थ जुनी घड्याळं घेत-विकत. दुकान आमच्या देवघराएवढं. एका डोळ्याला भिंग, समोर हिरवं फडकं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं आणि भिंगातून शांतपणे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि तालुका वाचला.

"आहेरात आलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मीच घेतलं."

"मग हे कोणी केलं?"

"मंचरात एक चांगला माणूस आहे," मी म्हणालो. मला वाटलं त्यांना अक्षर आवडलं.

त्यांनी भिंग काढून ठेवलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी आवाज न चढवता माझी जी खरडपट्टी काढली तशी आजवर तलाठ्यानंही काढलेली नाही.

"पेटी?"

बायकोनं पिशवीतून पेटी काढली. गृहस्थांनी ती उघडली, नाक मागं घेतलं आणि बंद केली.

"कागद? कार्ड?"

"वॉरंटी संपली होती."

"हं. आणि ही पिवळी कड?"

"हळद," बायको म्हणाली.

"घेताना सूट मिळाली होती?"

इथं मी सावरून बसलो. निदान हे तरी माझ्या बाजूचं होतं. "पंचवीस टक्के! ती पंधरा म्हणत होती, मी वर खेचलं."

"तिथंच ओळखायला हवं होतं तुम्ही," ते म्हणाले. "ज्या घड्याळासाठी लोक नाव नोंदवून वर्षभर थांबतात, त्यावर कोणी एक टक्काही सोडत नाही. तीच काही मोजकी घड्याळं पुढं भाव धरतात. व्हिडिओत दाखवतात ती तीच. बाकीच्यांचं काय होतं ते कोणी दाखवत नाही. हे तुमचं मॉडेल दुकानात पडून होतं. पडून होतं म्हणून सूट होती. आणि लिमिटेड म्हणजे किती, ते मागं छापलेलं होतं, त्या आकड्यावरच तुमचा तालुका आला आहे. पण हजारांत होती इतकं मला आठवतं."

बायको पुढं सरकली. ती म्हणाली, "म्हंजी बाजार उठताना मेथीची जुडी सस्ती देत्यात, तसं."

"अगदी तसं."

"आणि यांनी ती बराखीत ठिवली."

गृहस्थांना बराख कळली नसावी, पण माझ्या चेहऱ्यावरून अर्थ लागला. त्यांनी तिच्याकडं खुर्ची वळवली आणि त्यानंतर ते फक्त तिच्याशीच बोलले.

"दादा, एक इचारू का?" ही म्हणाली. "सोन्याची घट जाऊन मोड येती. कितीबी जुनं असू द्या, वाकडं असू द्या. मंग एवढ्या भारी वस्तूला मोड का नाय?"

"सोनं वितळवता येतं, ताई. घड्याळ वितळवलं तर वाटीभर पोलाद उरेल. तुम्ही जे पैसे दिलेत त्यात घड्याळ थोडं होतं. बाकी ती गार हवा, ते हातमोजे, ती जाहिरात, सरकारचा कर. ते सगळं तुम्ही दारातून बाहेर पडलात तेव्हा तिथंच राहिलं. पुन्हा घेणारा फक्त घड्याळाचे देतो. त्यातून याची साफसफाई, तेलपाणी करायचं म्हणजे त्यातच एक साधं घड्याळ येईल. एवढी मोठी तबकडी आता कोणी घालत नाही. आणि मुख्य म्हणजे," ते जरा थांबले, "हे दुसऱ्या माणसाच्या हातात शोभायचं कसं? यावर यांचा पत्ता आहे."

त्यांनी कागदावर आकडा लिहून तिच्यापुढं सरकवला. मी दिलेल्या रकमेचा चौथा हिस्सा. त्या तीन वर्षांत सोनं कुठल्या कुठं गेलं होतं, ते मी सांगत बसत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि मला त्रास होतो.

मी म्हणालो, "अजून दोन वर्षं ठेवलं तर?"

दोघंही एकदम माझ्याकडं बघायला लागली. मी हिरव्या फडक्यावरचं घड्याळ त्यांच्याकडं सरकवलं.

येताना एस.टी.त मी दोन उपाय सुचवले. एक, एक ग्रॅम सोन्याचं पाणी दिलेल्या पाटल्या मिळतात, हुबेहूब. दुसरा, थोरल्या जावेच्या दोन दिवस मागून घ्यायच्या. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. राजगुरुनगरला तिनं तोंड माझ्याकडं वळवलं.

"आईला खोटं सांगितलं तेवढं बास. आता खोटं घालू व्हय?"

मंचरला उतरलो ते थेट सराफाकडं. आलेल्या पैशात एक पाटली बसत होती, तीही हलकी. एका हाताची. सराफ म्हणाला, "वैनी, एक कोण घेतं? दोन बारीक बांगड्या करा, जोड व्हईल." ही म्हणाली, "पाटलीच पायजे." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

लग्न खोडदला दारातच होतं. शेतांपलीकडं त्या मोठाल्या दुर्बिणीच्या जाळ्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. तिथं आभाळातलं काहीतरी फार लांबचं ऐकलं जात होतं आणि मी फक्त एका म्हातारीचा आवाज येतोय का ते ऐकत होतो. बायको उजव्या हातात पाटली आणि डाव्या हातात हिरवा चुडा घालून सरळ आईपाशी जाऊन बसली. पळवाट नको म्हणून मीही गेलो. आसपास आठ-दहा बायका, मेव्हणा, त्याचे साडू.

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, चाचपला, पाटली सोडवून आपल्या तळव्यावर ठेवली आणि तळवा दोनदा वर-खाली केला.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी जड व्हती. निम्मीबी न्हाई ही."

मांडवात इतकी वाजंत्री चालली होती, तरी आसपासच्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. बायकोनं पदर कमरेला खोचला. मला वाटलं रडेल. ती बोलायला लागली.

ठिबकापासून तिनं सुरुवात केली आणि काहीही गाळलं नाही. पाटल्यांची मोड, लॉकरचं खोटं, टोमॅटो, समुद्रापुढचा गोरा माणूस, दाराच्या मुठीला लावलेला हात. 'माझ्याकडून मलाच' इथं पहिला हशा झाला. दसऱ्याच्या हळदीला मेव्हण्याच्या साडूनं खुर्ची धरली. हिंगाच्या पेटीपर्यंत आली तेव्हा वाढपी भात घेऊन उभे होते आणि पंगत ताटावरून मागं वळून ऐकत होती. मेव्हणा डोळे पुसत म्हणाला, "दाजी, तालुका टाकला ते बरं केलं. घेणाऱ्या सायबाला तुमच्याकडं परत करायला सोपं." मीही हसलो. बाहेर हसण्यात मला बरीच वर्षं अनुभव आहे. या खेपेला आतूनही थोडं आलं.

फक्त सासूबाई हसत नव्हत्या. पाटली अजून त्यांच्या तळव्यावरच होती.

"लॉकरात हायेत म्हणलीस ती किती वर्सं?"

"सा," बायको म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"सा वर्सं मला घोर. म्हणलं लेकीला माझ्या पाटल्या जुन्या वाटाय लागल्या, लाज वाटती म्हणून घालत न्हाई." त्यांनी पाटली लेकीच्या हातात पुन्हा चढवली, जरा जोरातच, चिमटा बसेल अशी. "मोडल्या तर मोडल्या. मळा भिजतोय न्हवं त्यावर? मला सांगितलं असतं तर मी काय रडले असते?"

"तू न्हाई, मी रडले असते," बायको म्हणाली आणि तेव्हा मात्र खरंच रडली, आणि रडता रडता हसली, कारण मेव्हणा मागून मशीनचा टर्रर्र आवाज काढत होता.

सासूबाईंनी मान माझ्या अंदाजानं वळवली. "जावयबापू, हायेत का हितं?"

"आहे."

"औंदा टोमॅटो लावलाय?"

"दोन एकर."

"भाव?"

"बरा आहे म्हणतात."

"मंग पैसं आलं की घरी जाऊ नका. पुण्याला बी जाऊ नका. नारायणगावच्या बाजारातून मोटारसायकल हिकडं वळवायची आन पैसं माझ्यापाशी ठिवायचं. दुसरी पाटली मी करून देते. जड." त्यांनी माझं मनगट शोधून धरलं. ते मोकळं होतं. थोडा वेळ त्या त्यावर बोटं फिरवत राहिल्या, मग समाधानानं थोपटलं. "जा, जेवून घ्या. तुमाला येळंचं भान ऱ्हायचं न्हाई आता. पंगत उठती."

मी पंगतीला जाऊन बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं ताट माझ्याकडं सरकवत विचारलं, "पावणं, ते घड्याळवालं तुमीच ना?"

"मीच," मी म्हणालो आणि भातावर आमटी मागितली.